अ‍ॅक्रिलिकचा फिश टँक घरी दुरुस्त करताय? या चुका टाळा

अ‍ॅक्रिलिकची टाकी गळायला लागली की बहुतेक जण तडक नागपूरच्या इतवारीतल्या हार्डवेअर दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणतात. दुरुस्ती तिथूनच बिघडायला लागते.

सिलिकॉन काचेला घट्ट धरतं. अ‍ॅक्रिलिकवर ते नुसतं बसून राहतं. पाणी भरलं की अ‍ॅक्रिलिकची भिंत जराशी बाहेर फुगते आणि सिलिकॉन कडेपासून सालीसारखं सुटतं. ६० सेंमी लांबीच्या भिंतीमागे ४५ सेंमी उंच पाणी असेल, तर त्या एका भिंतीवर सुमारे ६० किलोचा रेटा असतो. अ‍ॅक्रिलिकला लागतं ते डायक्लोरोमिथेनसारखं पातळ लिक्विड. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून मऊ करतं, मग उडून जातं आणि दोन तुकडे एकजीव होतात. नावाच्या पाट्या आणि ट्रॉफ्या बनवणारे हेच काम रोज करतात. त्यांच्याकडे विचारा, जाड शीटचे उरलेले तुकडेही तिथेच मिळतात.

नंदनवनमधल्या एका घरातली तीन फुटी टाकी खालच्या सांध्यातून थेंब थेंब गळत होती. आधी बाहेरून सिलिकॉन लावलं, ते आठ दिवसांत सुटलं. मग आतूनही लावलं, त्यावर इपॉक्सी पुट्टी थापली. शेवटी योग्य लिक्विड आणलं, तर ते धरेना. सिलिकॉन खरवडून काढलं तरी त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर लिक्विड पसरतच नाही. प्लास्टिकच्या पात्याने सगळं खरवडायचं, सांध्याच्या दोन्ही बाजूंना १५ मिमीपर्यंत ४०० नंबरच्या पाणपेपरने घासायचं, साबणाच्या पाण्याने धुऊन दोन दिवस वाळवायचं, एवढं केल्यावरच आतल्या कोपऱ्यात अ‍ॅक्रिलिकची १२ मिमीची चौकोनी पट्टी बसली. ट्यूब आणलीच नसती, तर ती पट्टी पहिल्याच आठवड्यात बसली असती. गळक्या सांध्याला अशी पूर्ण लांबीची पट्टीच लावावी. नुसतं पातळ लिक्विड सोडून फट भरत नाही.

दुसरी चूक आपल्या हवेची. डायक्लोरोमिथेन ४० अंशांच्या आसपास उकळतं, आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपूरची दुपार ४५ अंशांची. लिक्विड सांध्यात शिरायच्या आत उडतं आणि मागे बुडबुड्यांची रांग उरते. मग उपाय म्हणून कुलर लावला जातो आणि काम आणखी बिघडतं. लिक्विड उडताना ती जागा गार पडते, कुलरच्या ओल्या हवेतला दमटपणा तिथे बसतो, सांधा दुधाळ होतो आणि कच्चा राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये कुलर न लावताही हेच होतं. शक्य असेल तर हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी ठेवा. मे महिन्यातच अडलं असेल, तर पहाटे पाच ते सात या वेळात, कुलर बंद ठेवून, खिडक्या सताड उघडून करा. जवळ गॅसची शेगडी किंवा उदबत्तीही पेटलेली नको. या लिक्विडची वाफ आगीवर गेली की विषारी वायू तयार होतो.

भिंतीला तडा गेला असेल तर आधी तो थांबवा. तड्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा. ड्रिल हळू चालवा, मागून लाकडाचा आधार द्या. हे न करता नुसता तुकडा चिकटवला, तर तडा तुकड्याखालून पुढे सरकतो. तुकडा भिंतीच्याच जाडीचा, तड्याच्या चारही बाजूंना ४-५ सेंमी जास्त आणि कोपरे गोल केलेला असावा. तो आतून लावा, म्हणजे पाण्याचा दाब त्याला भिंतीवरच दाबेल. शीट घेताना कास्ट, म्हणजे साच्यात ओतून बनवलेली, मागा. एवढ्या मोठ्या तुकड्याखाली पातळ लिक्विड सारखं पसरत नाही. त्यासाठी ५० मिली लिक्विडमध्ये अ‍ॅक्रिलिकचा ५ ग्रॅम कीस टाकून काचेच्या बंद बाटलीत रात्रभर ठेवा, ते काकवीसारखं घट्ट होतं. टाकी अशी आडवी करा की तडकलेली भिंत खाली येईल. मधोमध धार सोडा आणि तुकडा एका कडेने टेकवत आणा, हवा निघून जाते.

सुपरग्लू नको, तो ठिसूळ होतो आणि कडेला पांढरट धूर धरतो.

स्पिरिट, थिनर, अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे यांपैकी काहीही अ‍ॅक्रिलिकला लावू नका. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात आणि त्या परत जात नाहीत.

वाळवायला हेअर ड्रायर नको.

आतल्या बाजूच्या बारीक ओरखड्यांना हात लावू नका, पाणी भरल्यावर ते बरेचसे दिसेनासे होतात. नखाला लागणारे असतील तर ६००, १०००, १५००, २००० असे पाणपेपर क्रमाने वापरा. दर वेळी घासायची दिशा आडवी-उभी बदला. मधला नंबर गाळलात, तर आधीच्या पेपरच्या रेघा पॉलिशनंतरही तशाच दिसतात.

आता घाई करणाऱ्यांसाठी. तासाभरात सांधा हाताला घट्ट लागतो, पण आत लिक्विड अजून असतं. पट्टीला किमान ४८ तास, मोठ्या तुकड्याला आठवडा द्या. मग गच्चीवर सावलीत, सपाट प्लायवर १२ मिमीचं थर्माकोल टाकून टाकी ठेवा. अ‍ॅक्रिलिकला तळाखाली पूर्ण आधार लागतो. खाली वर्तमानपत्र पसरा, एक तृतीयांश पाणी भरून एक दिवस थांबा, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. कागद ओला दिसला तर पाणी काढा आणि नेमकी जागा शोधा. वरून आणखी लिक्विड ओतू नका.

हे पाणी फेकून द्या, त्यात लिक्विडचा अंश असतो. तोवर मासे जुन्याच पाण्याच्या टबात, एअर पंप चालू ठेवून राहू द्या. फिल्टरचा स्पंजही त्याच टबात बुडवून ठेवा. तो वाळला तर त्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि दुरुस्त झालेल्या टाकीत अमोनियाने मासे जातात. नळाचं नवं पाणी अँटीक्लोर, म्हणजे क्लोरीन घालवणारं औषध, टाकूनच भरा.