जर्मन वैमानिकांचे दावे पडताळताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ वैमानिकांपैकी एरिक हार्टमानच्या नावावर शत्रूची ३५२ विमानं पाडल्याची नोंद आहे, गेरहार्ड बार्कहॉर्नच्या नावावर ३०१. ही खरोखर पडलेल्या विमानांची मोजदाद समजणं ही पहिली चूक, आणि बाकीचा गुंता बहुधा तिथूनच सुरू होतो. हे दावे आहेत. वैमानिक अहवाल लिहायचा, साक्षीदाराचं नाव जोडायचा, कागद बर्लिनला हवाई मंत्रालयात जायचा; मंजुरीला कधी महिनेही लागायचे. त्यामुळे एखादा दावा तुकडीच्या नोंदीत सापडतो, मंत्रालयाच्या यादीत नाही. लगेच कुणाला खोटं ठरवू नका. आधी बघा, कागद कुठल्या टप्प्यावरचा आहे.

सगळ्यात जास्त छळते ती वेळ. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन घड्याळ ब्रिटिश घड्याळाच्या एक तास पुढे होतं. समजा जर्मन अहवालात १३:१० ला हरिकेन हे ब्रिटिश लढाऊ विमान पाडल्याची नोंद आहे, तर ब्रिटिश कागदांत ते १२:१० च्या आसपास शोधायला हवं. पण हाच हिशेब पुढे सरसकट लावू नका. मे १९४१ मध्ये ब्रिटनने दुहेरी उन्हाळी वेळ लावली, म्हणजे घड्याळ आणखी एक तास पुढे केलं, आणि दोन्ही घड्याळं जुळली. ऑगस्टमध्ये ती काढल्यावर पुन्हा तासाचा फरक पडला. या एका तासापायी चांगले दावे ‘निराधार’ ठरवले जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एकच बॉम्बर दोन नावांवर दिसला, तर ती दुबार नोंद असेलच असं नाही. एकाने चार इंजिनांचा बॉम्बर थव्यातून फोडून बाहेर काढला, तर त्याला २ गुण. जखमी बॉम्बर दुसऱ्याने संपवला, तर त्याला १. हे गुण पदकांसाठी होते. ते विजयांच्या आकड्यात मिसळू नका.

विमानाच्या प्रकारावर फार विसंबू नका, घाईत ओळख चुकायचीच.

जास्तीचा दावा म्हणजे लबाडी, असंही नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये आफ्रिकेत जेजी २७ या जर्मन लढाऊ विमानांच्या तुकडीतल्या चौघांनी खोटे दावे केले, हे खरं. पण १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी १८५ विमानं पाडल्याचं जाहीर केलं, आणि जर्मनांनी प्रत्यक्षात गमावली साठेक. एकाच पडत्या विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या, तर तिघेही प्रामाणिकपणे ते आपलं म्हणतात.

म्हणून एकट्या वैमानिकाची यादी घेऊन बसू नका. त्या दिवशी त्या भागातले सगळ्यांचे दावे, विमानविरोधी तोफांचेसुद्धा, समोरच्या बाजूच्या नुकसानीशेजारी मांडा. तरीही विमान नेमकं कुणाचं ते ठरलं नाही, तर तो रकाना रिकामा ठेवा.