खाजनात गाडी उतरवण्याआधी

गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल भातशेतीत, चालकाविना चालणारी गाडी उतरवायची, तर आदल्या रात्रीच भरती-ओहोटीच्या वेळा वहीत उतरवून घ्या. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेची, दारं भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात. बांधाच्या आतली ओल त्यावर हलते. मातीच्या घट्टपणाचं सकाळी घेतलेलं मोजमाप दुपारी खरं असेलच असं नाही, म्हणून प्रत्येक आकड्यापुढे वेळ हवीच. कापणी झाल्याशिवाय जायचं नाही, आणि शेतमालकाचा व कूळ संघटनेचा होकार आधी घ्यायचा.

सगळ्यात महत्त्वाचं साधन म्हणजे 'कोन पेनेट्रोमीटर', माती किती घट्ट आहे ते मोजणारी टोकदार सळई. तीस अंशांचं टोक, सळई सेकंदाला ३ सेंटिमीटर इतक्या संथ, एकसारख्या वेगाने दाबायची. घाई केली की चिकणमाती आहे त्याहून घट्ट वाटते. दर ५ सेंटिमीटरला आकडा, निदान ३० सेंटिमीटरपर्यंत. सुकलेल्या खाजनात वर भेगाळलेला, क्षाराने पांढुरका झालेला पापुद्रा असतो. सळई आधी अडते, आणि दोन बोटं खाली गेली की हात एकदम हलका होतो. गाडीचा कॅमेरा आणि लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) हा पापुद्राच पाहतात, खालची मऊ माती नाही. मंगळावर २००९ मध्ये नासाचं स्पिरिट हे रोव्हर अशाच पापुद्र्याखालच्या भुसभुशीत मातीत रुतलं, ते पुन्हा निघालं नाही.

चिकणमाती तुडवली की आणखी मऊ होते. म्हणून गाडी एकदा गेली की त्याच चाकोरीत पुन्हा सळई घाला. पहिली फेरी निभावली म्हणजे दहावी निभावेल असं मुळीच नाही.

गाडीवर चाकांचे फेरे मोजणारे सेन्सर, अचूक जीपीएस आणि मोटरचा करंट, तिन्ही एकाच घड्याळावर जुळवून घ्या. चाक १० मीटर फिरलं आणि गाडी ७ मीटर सरकली, तर घसरण ३० टक्के. गेल्या खेपेला आमची घड्याळं जुळलेली नव्हती; गाडी नेमकी कुठे बुडायला लागली ते शेवटपर्यंत कळलं नाही, अख्खा दिवस वाया गेला. टायरमधली हवा प्रत्येक फेरीआधी तपासून लिहा.



दोर, दोन फळ्या, फावडं घ्या. बांधावर भेटेल त्या काकांना विचारा, "काका, तुमचा पॉवर टिलर कुठे रुततो?" ते दाखवतील तो कोपरा सगळ्यात आधी मोजा. आणि पिकअप बांधावर चढवू नका. बांध खचला तर खारं पाणी थेट भाताच्या शेतात शिरतं.