फ्लेक्स छापायला देताय? आधी गणिताच्या या चुका टाळा

गेल्या नवरात्राच्या आदल्या संध्याकाळी एका कापड दुकानाचे मालक मॅटर, म्हणजे छापायचा मजकूर, घेऊन आमच्या डीटीपीच्या दुकानात आले. वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलं होतं, 'सर्व साड्यांवर ५०% + २०%, एकूण ७०% सूट'. दहा बाय पंधराचा फ्लेक्स, रात्रीच चौकात लावायचा. प्रूफ काढण्याआधी मी विचारलं, "शेठ, दोन हजारांची साडी कितीला देणार?" त्यांनी मोबाइलवर हिशोब केला. दोन हजारांचे निम्मे हजार, हजाराचे वीस टक्के दोनशे, राहिले आठशे. "आणि सरळ सत्तर टक्के सूट दिली तर?" सहाशे. ते थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. "ताई, एकेका साडीमागं दोनशेचा खड्डा पडला असता की," म्हणाले आणि पेन मागून घेतलं.

दुसरी सूट उरलेल्या रकमेवर मिळते, मूळ किमतीवर नाही. म्हणून ५० आणि २० मिळून ६० होतात. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवण्याच्या कामात मला ही चूक सगळ्यांत जास्त दिसते. 'दोनावर एक फ्री' म्हणजे ५० टक्के सूट असंही लोक लिहून आणतात. तीन वस्तू दोनांच्या पैशांत मिळाल्या, तर सूट एक तृतीयांश, ३३ टक्के. '२०% जादा माल' म्हणजे २० टक्के स्वस्त नव्हे, १६.६७ टक्के. 'तीन पट स्वस्त' तर लिहूच नका, त्यातून कुठलीच किंमत निघत नाही.

टक्का, पण कशाचा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. त्या आठवड्यात 'भाव १३ टक्क्यांनी उतरले' अशी पत्रकं छापायला आली. अठरातून पाच गेले तेरा, वजाबाकी बरोबर आहे. पण कर बसतो मूळ किमतीवर आणि गिऱ्हाईक देतं करासकट किंमत. १०० चा माल ११८ ला मिळायचा, तो १०५ ला मिळू लागला. ११८ मधले १३ वाचले, म्हणजे ११ टक्के. २८ वरून १८ वर आलेल्या एसीचंही तसंच. १२८ चे ११८ झाले, भाव ७.८ टक्क्यांनी उतरला, १० नाही. दुकानदारानं प्रामाणिकपणे सगळी सवलत पुढे दिली, तरी बोर्डावरच्या तेरामुळे गिऱ्हाईक त्याला लबाड ठरवतं. याचं मला फार वाईट वाटतं.

उपाय सोपा आहे. टक्केवारी छापायची असेल, तर शेजारी एका वस्तूची जुनी आणि नवी किंमत रुपयांत छापा. ती लिहायला बसलात की चूक तिथंच सापडते.

अर्धा गुंठा

प्लॉटच्या जाहिरातींत चूक झाली तर लाखांत जाते. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. एकदा मॅटर आलं, 'अर्धा गुंठा प्लॉट, १६.५ × १६.५'. दोन्ही बाजू निम्म्या केल्या होत्या. गुणाकार करून बघा, २७२ चौरस फूट येतात, म्हणजे पाव गुंठा. अर्ध्याला ५४४.५ हवेत, ३३ बाय १६.५. मी त्या माणसाला टेबलावर कागद आडवा-उभा घडी घालून दाखवला. चार चौकोन बघितल्यावर त्याला पटलं. चौरस मीटरचे चौरस फूट करतानाही असंच होतं. मीटरला ३.२८ नं गुणायचं असतं, चौरस मीटरला १०.७६ नं.

लाखाचा दशांश हा दुसरा सापळा. 'पाच लाख पाच हजार' हे आमच्याकडच्या नवीन मुलीनं '५.५ लाख' असं टाइप केलं होतं. ते ५.०५ हवं, फरक ४५ हजारांचा. मोठी रक्कम पूर्ण अंकांत लिहा: ५,०५,०००. आणि झेरॉक्सच्या बोर्डावर '.५० पैसे' असतं ना, तो अर्धा पैसा झाला. एक तर ५० पैसे लिहा, नाहीतर ०.५० रुपये.

हप्त्यांच्या पत्रकांत 'फक्त १२% फ्लॅट' असं असतं. लाख रुपये घेतले, वर्षभर दरमहा ९,३३३ भरले, तर व्याज पूर्ण लाखावर लागतं. पण मुद्दल मात्र दर महिन्याला फिटत असते. खरा वार्षिक दर साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो. ही छपाईतली चूक नाही, पण वाचणाऱ्याला हिशोब येत नाही म्हणून ती खपते.

शाळेत काय राहून जातं?

'असर' म्हणजे 'प्रथम' संस्थेची देशभरातली शिक्षणाची पाहणी. तिच्या २०२३ च्या फेरीत २८ जिल्ह्यांतल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला दिलं. ४३.३ टक्क्यांना जमलं. ज्यांना निदान वजाबाकी येत होती, त्यांच्यातल्या सुमारे ३७ टक्क्यांना सूट काढता आली. कर्जाच्या परतफेडीचा हिशोब तर दहा टक्क्यांच्या आसपास मुलांनाच जमला. हीच मुलं उद्या माझ्या खुर्चीवर बसणार आहेत आणि तोच बोर्ड वाचून खरेदीही करणार आहेत.

दर्जा सतत घसरतोच आहे असं मात्र मी म्हणणार नाही. 'असर'च्याच आकड्यांप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात पाचवीत भागाकार येणारी मुलं २०२२ मध्ये २५.६ टक्के होती, २०२४ मध्ये ३०.७ झाली. (बातमीत याला '५ टक्के वाढ' म्हणू नका. ती ५.१ टक्केबिंदूंची वाढ आहे. टक्क्यांत मोजली तर सुमारे २० टक्के.) वाढ झाली याचा आनंद आहे, पण पाचवीतल्या दहातल्या सात मुलांना अजूनही भागाकार येत नाही.

माझ्या आजोबांची पिढी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकायची. घोकंपट्टी परत आणा असं माझं म्हणणं नाही. पण त्यांना उत्तराचा अंदाज आधीच असायचा आणि आकडा भलताच आला की लगेच खटकायचा. आज मुलं रीत शिकतात, पण आलेलं उत्तर पटण्यासारखं आहे का हे त्यांना कुणी विचारत नाही. आमच्या टेबलावरही प्रूफ बघताना ऱ्हस्व-दीर्घ तपासतात, साहेबांचा फोटो तपासतात, आकड्यावरून नजर तशीच पुढे जाते.

चूक वर चढलीच तर

त्याच रंगाचा पॅच छापून लगेच चिकटवा. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेलं चित्र मागे घ्या आणि दुरुस्त केलेलं 'सुधारित' असं लिहून टाका. बोर्ड बघून दारात आलेल्या गिऱ्हाइकाला जमेल तर छापलेल्याच भावात माल द्या.

त्या नवीन मुलीला मी आता रोज सकाळी आलेल्या मॅटरमधला एक आकडा देते. कॅल्क्युलेटर नंतर, आधी अंदाज सांगायचा. परवा तिनं '४०% + १०%' वाचलं आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "ताई, ४६ होतात. पार्टीला फोन करू?"