कॉम्प्युटर असेंबल करताना भाग कसे निवडावेत, आणि एसएमपीएस यादीच्या तळाशी का नसावा

नवा कॉम्प्युटर असेंबल करायचा ठरला की ओळखीचे लोक मला यादी पाठवतात आणि म्हणतात, ‘जरा नजर टाका.’ यादीत प्रोसेसरचं नाव पूर्ण असतं. ग्राफिक कार्डाची तर कंपनी, मॉडेल आणि पंखे किती इथपर्यंत माहिती असते. आणि सगळ्यात खाली एक ओळ: ‘एसएमपीएस, ६५० वॅट’, म्हणजे सगळ्या भागांना वीज देणारा पॉवर सप्लाय. कंपनी नाही, मॉडेल नाही. बाकी सगळं जुळवून जे पैसे उरले त्यात बसेल तो डबा. म्हणून मी अशा याद्या खालून वर वाचतो.

काम कोणतं, बजेट किती, मॉनिटर कोणता हे तुम्ही आधीच ठरवलंय असं धरून चालतो. ते ठरलं नसेल तर आत्ता भाग बघत बसू नका.

१. प्रोसेसर आणि मदरबोर्ड

हे दोन्ही एकत्रच निवडायचे. सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, जुळलं पाहिजे हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या सॉकेटवर पुढे काय बसणार हा प्रश्न फार कमी जण विचारतात. एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६ मध्ये आलं आणि २०२० मध्ये आलेली रायझन ५००० मालिकाही त्याच सॉकेटवर बसली. बऱ्याच लोकांनी जुना बोर्ड ठेवून, फक्त बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून नवा प्रोसेसर टाकला. इंटेलचं एलजीए१७०० मात्र बाराव्या ते चौदाव्या पिढीपुरतंच राहिलं. चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर हा फरक मोठा आहे.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक नाही. वेगळं कार्ड घेणार नसाल तर स्क्रीनवर काहीच येणार नाही. बोर्ड घेताना व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डाचा भाग) धातूचा हीटसिंक आहे का आणि एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायच्या जागा) किती आहेत, एवढं बघा. दिवे आणि नक्षीसाठी जादा पैसे मोजू नका.

२. रॅम

दोन स्टिकचा एक किट घ्या. एक स्टिक घेतली तर ड्युअल चॅनल (दोन वाटांनी एकदम डेटा) मिळत नाही, आणि डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅममध्ये चार स्टिक लावल्या तर वेग उतरतो. रायझन ७००० साठी एएमडीने अधिकृत दिलेला वेग दोन स्टिकना ५२०० आहे, चार स्टिकना ३६००. स्लॉट प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा. आणि बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमवर छापलेला वेग लागू करणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम मुकाट्याने ४८०० वर चालत राहते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

३. ग्राफिक कार्ड

मॉनिटरच्या रिझोल्यूशनप्रमाणे घ्या आणि तुम्ही खरोखर जे सॉफ्टवेअर किंवा गेम चालवणार त्याच्याच चाचण्या बघा. व्हीआरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) नंतर वाढवता येत नाही, हे लक्षात असू द्या. कार्डाची ‘बोर्ड पॉवर’, म्हणजे अख्खं कार्ड घेतं ती वीज, किती वॅट आणि वीज घ्यायला कनेक्टर कोणता, हे दोन्ही टिपून ठेवा. लगेच लागणार आहेत.

४. एसएमपीएस

इथे मात्र निवांत बसा.

माझ्याकडच्या एका मशीनने मला या बाबतीत बरंच फिरवलं होतं. दिवसभर काम नीट चालायचं, पण गेम सुरू केला की पंधरा-वीस मिनिटांत एकदम काळोख आणि मशीन पुन्हा सुरू. निळा स्क्रीन नाही, कसला संदेश नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) फक्त ‘कर्नल-पॉवर ४१’. ही नोंद शोधली की रॅम बदला, ड्रायव्हर काढा, विंडोज पुन्हा टाका असे सल्ले मिळतात. ते सगळं करून झालं. मुळात त्या नोंदीचा अर्थ एवढाच असतो की मशीन रीतसर बंद न होता बंद पडलं. कारण ती सांगतच नाही. दोष होता एसएमपीएसमध्ये, आणि त्याच्यावर लिहिलेले वॅट गरजेपेक्षा जास्तच होते.

म्हणून पहिली गोष्ट: खोक्यावरच्या मोठ्या आकड्याकडे बघू नका. डब्याच्या बाजूला एक स्टिकर असतो, त्यावरचा तक्ता वाचा. त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्ट असे रकाने असतात आणि प्रत्येकाखाली अँपिअर. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टमधून घेतात. तेव्हा १२ व्होल्टखालचे अँपिअर घेऊन १२ ने गुणा. ५४ अँपिअर असतील तर ६४८ वॅट, म्हणजे तो ६५० चा डबा खरोखर ६५० चा आहे. पण ‘५०० वॅट’ लिहिलंय आणि १२ व्होल्टखाली ३० अँपिअर असतील तर तुमच्या कामाचे ३६० वॅटच. बाकीचे अशा लाइनींवर मोजलेत जिथे तुम्ही काही लावणारच नाही. हा तक्ता धड दाखवत नसलेला एसएमपीएस हातात घेऊन बघायचीही गरज नाही.

दुसरी गोष्ट, वॅट किती घ्यायचे. प्रोसेसरवर लिहिलेला टीडीपी (कूलरसाठी धरलेले वॅट) धरून हिशेब केला तर फसाल. कोअर आय९-१३९००केवर १२५ वॅट लिहिलेलं असतं, पण इंटेलच्याच माहितीपत्रकात त्याची कमाल टर्बो पॉवर २५३ वॅट दिली आहे. रायझनमध्ये ६५ वॅटचा प्रोसेसर ८८ पर्यंत जातो आणि १७० वाला २३० पर्यंत. हे वरचे आकडे घ्या. त्यात ग्राफिक कार्डाची बोर्ड पॉवर मिळवा आणि बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे यांचे ७५ वॅट. रायझन ५ ७६०० आणि आरटीएक्स ४०७० असेल तर ८८ अधिक २०० अधिक ७५, म्हणजे ३६३.

आता याची दीडपट करा. साधारण ५४५ येतात, म्हणजे चांगला ५५० पुरतो, आणि पुढे कार्ड बदलायचं असेल तर ६५०. ही दीडपट सढळ हाताने धरलेली नाही. ग्राफिक कार्डाची ‘२०० वॅट’ ही सरासरी असते. मिलिसेकंदाहूनही कमी वेळासाठी ते त्याच्या कितीतरी वर उसळी मारतं, आणि नेमक्या त्या क्षणी एसएमपीएसचं संरक्षण सर्किट वीज तोडतं. वर सांगितलेला काळोख तो हाच. २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे मानक आलं, त्यात या उसळ्यांचा स्पष्ट विचार केला आहे: क्षमतेच्या दुपटीपर्यंतची उसळी १०० मायक्रोसेकंद सोसता आली पाहिजे. नवा घेताय तर एटीएक्स ३.० किंवा ३.१ चाच घ्या.

उलट्या टोकालाही जाऊ नका. ३६३ वॅटच्या मशीनला १००० वॅटचा एसएमपीएस लावून ते मशीन जास्त टिकत नाही. त्याने विजेचं बिल वाढतं असंही कोणी सांगतं, तेही खोटं. एसएमपीएस मागणीपुरतीच वीज ओढतो. फक्त ते जादा पैसे चांगल्या ५५० मध्ये घातले असते तर उपयोग झाला असता.

तिसरी गोष्ट म्हणजे रंगीत बिल्ला. ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम. ‘गोल्ड आहे ना, मग झालं’ हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. ८० प्लसचा बिल्ला फक्त कार्यक्षमता मोजतो. ११५ व्होल्टच्या चाचणीत २०, ५० आणि १०० टक्के लोडला ब्राँझला ८२, ८५, ८२ टक्के लागतात आणि गोल्डला ८७, ९०, ८७. बस्स. चाचणीही साधारण २३ अंशांच्या थंड खोलीत होते, तुमच्या कॅबिनेटच्या पोटात नाही. गाडीचं मायलेज चांगलं आहे म्हणून ब्रेकही चांगले असतील असं कोणी धरत नाही. इथे मात्र सर्रास धरतात. ब्राँझ असून उत्तम आणि गोल्ड असून सुमार, दोन्ही प्रकारचे डबे बाजारात आहेत.

मग दर्जा ओळखायचा कसा? कंपनीच्या नावावरून नाही. बरेच ब्रँड एसएमपीएस स्वतः बनवतच नाहीत; सीझनिक, सुपर फ्लॉवर, सीडब्ल्यूटी, ग्रेट वॉल अशा कारखान्यांकडून बनवून घेतात आणि आपलं नाव लावतात. एकाच ब्रँडची एक मालिका एका कारखान्याची आणि दुसरी दुसऱ्याच, असंही असतं. म्हणून ‘अमुक कंपनीचा घ्या’ हा सल्ला अर्धवट आहे. मॉडेलचं पूर्ण नाव, मालिका, वॅट आणि आवृत्ती यांसकट शोधा आणि डबा उघडून, लोड टेस्टरवर लावून केलेली चाचणी वाचा. खोकं उघडतानाचे फोटो आणि ‘पंख्याचा आवाज येत नाही’ एवढंच असेल तर ते पान बंद करा.

त्या चाचणीत मी चार जागा बघतो. १२ व्होल्टवरचं रिपल (व्होल्टेजमधली बारीक थरथर) १२० मिलिव्होल्टच्या आत असावं अशी एटीएक्सची मर्यादा आहे. चांगले एसएमपीएस ५० च्याही खाली असतात. पूर्ण लोड कोणत्या तापमानाला दिला, ४० की ५० अंश, हे बघा. ओव्हरकरंट, शॉर्टसर्किट, अतितापमान ही संरक्षणं खरंच चालली का, की नुसती खोक्यावर छापली आहेत, तेही बघा. आणि होल्डअप टाइम. वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरवर किती वेळ तग धरतो तो हा आकडा. साधारण १६-१७ मिलिसेकंद हवेत. यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात एसएमपीएसने मान टाकली तर मशीन बंद. ‘यूपीएस असूनही कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो’ अशी तक्रार घेऊन लोक नवा यूपीएस आणतात, तेव्हा आधी हा आकडा तपासायला हवा. मोठा कपॅसिटर महाग असतो, म्हणून काटकसर करणारे नेमकी तिथेच करतात.

आतली रचना ‘डीसी-टू-डीसी’, म्हणजे १२ व्होल्टमधून ५ आणि ३.३ वेगळे बनवणारी, आहे का तेही बघा. जुन्या रचनेत १२ आणि ५ व्होल्ट एकाच नियंत्रणाखाली असतात. आजच्यासारखा सगळा भार १२ वर पडला की १२ खाली बसतो आणि ५ वर चढतो.

आता केबल, आणि इथे माझा आवाज चढतो. मॉड्युलर (केबल काढता-घालता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला लावायच्या नाहीत. त्याच कंपनीच्या असल्या तरी नाही. कंपनीनेच त्या दोन मॉडेलना चालतात असं लेखी दिलं असेल तर गोष्ट वेगळी. बोर्डाकडचं टोक प्रमाणित असतं, एसएमपीएसकडचं नसतं. प्लग अगदी सहज बसतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन हार्ड डिस्क कायमची जाते.

कार्डाला दोन आठ-पिन लागत असतील तर दोन वेगळ्या केबल टाका. एकाच केबलला मध्ये फाटा फुटून आलेली दोन टोकं लावू नका. एक आठ-पिन कनेक्टर १५० वॅटसाठी असतो. नव्या कार्डांचा सोळा-पिन कनेक्टर ६०० वॅटपर्यंत जातो, आणि तो अर्धवट बसला तर वितळतो. बसवल्यावर टॉर्च मारून बघा: प्लग आणि सॉकेट यांत फट दिसता कामा नये, आणि प्लगच्या अगदी तोंडाशी केबल वाकवू नका. २०२३ मध्ये आलेल्या १२व्ही-२×६ या सुधारित कनेक्टरमध्ये सेन्स पिना (प्लग बसला का ते कार्डाला कळवणाऱ्या) आखूड केल्या आहेत, त्यामुळे नीट न बसलेल्या प्लगमधून कार्ड वीज घेत नाही. तरी टॉर्च माराच.

५. स्टोरेज

एनव्हीएमई एसएसडी (एम.२ स्लॉटात बसणारी वेगवान), टीएलसी प्रकारची (एका सेलमध्ये तीन बिट), १ टीबी. क्यूएलसी (चार बिट) स्वस्त असते, पण मोठी फाइल कॉपी करताना कॅशे (तात्पुरती वेगवान जागा) भरली की वेग कोसळतो. सेकंदाला ३५०० एमबी आणि ७००० एमबी यांतला फरक रोजच्या वापरात जाणवत नाही. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की अमुक एम.२ स्लॉट वापरला तर अमुक साटा पोर्ट बंद होतात. जुन्या डिस्क लावणार असाल तर ते वाचा.

६. कॅबिनेट आणि कूलर

तीन मापं जुळवा: कार्डाची लांबी, कूलरची उंची, एसएमपीएसची लांबी. पुढच्या बाजूला रेडिएटर (पाण्याने थंड करणाऱ्या कूलरचा) लावणार असाल तर पंख्यासकट साधारण ५२ मिलिमीटर कार्डाच्या जागेतून वजा करा. पुढची बाजू जाळीची हवी. काचेची दिसायला छान असते आणि आत हवा जात नाही.

७. जोडल्यावर

परत करायची मुदत संपायच्या आत मशीनला घाम फोडा. रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम). दुसऱ्या दिवशी प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्हींवर एकाच वेळी लोड टाका, ओसीसीटी या प्रोग्राममध्ये त्यासाठी पॉवर टेस्ट आहे, आणि तासभर चालू द्या. वेगवेगळं तपासून एसएमपीएसचा दोष सापडत नाही. सॉफ्टवेअर १२ व्होल्टचा जो आकडा दाखवतं त्यावर विसंबू नका. शंका आली तर मल्टिमीटरने मोजा, ११.४ ते १२.६ च्या मध्ये हवा.

न लागलेल्या मॉड्युलर केबल पिशवीत भरून, पिशवीवर एसएमपीएसचं मॉडेल मार्करने लिहून त्याच्याच खोक्यात ठेवा. पुढच्या वेळी कोणीतरी ‘ही केबल चालेल का’ म्हणून हात घालणार आहेच.