ग्लुए-२: रिसेप्टरांचे जनुकशास्त्र शिकताना निवडलेला एक उपघटक

मेंदूतील रिसेप्टरांच्या, म्हणजे पेशीवर रासायनिक संदेश ग्रहण करणाऱ्या प्रथिनांच्या, जनुकांचा अभ्यास सुरू करणारे विद्यार्थी बहुधा आधी सगळ्या उपघटकांच्या (रिसेप्टर ज्या सुट्या प्रथिनांनी मिळून बनतो त्यांच्या) याद्या पाठ करतात. माझा अनुभव असा, की एकच उपघटक निवडून डीएनएपासून विद्युतप्रवाहापर्यंत त्याचा पाठपुरावा केला, तर विषयावर पकड लवकर येते. मी ग्लुटामेट या चेतासंदेशकाच्या एम्पा रिसेप्टरातील (जो स्वतःच आयनांची वाहिनी असतो) ग्लुए-२ निवडला आणि नवोदितांनाही तोच सुचवते.

उंदराच्या जीनोममध्ये या जनुकात एका ठरावीक जागी सीएजी, म्हणजे ग्लुटामिन या अमिनो आम्लाचा कोडॉन (तीन अक्षरी संकेत) आहे. मेंदूतील प्रथिनात मात्र तेथे जवळजवळ नेहमीच आर्जिनिन हे दुसरे अमिनो आम्ल आढळते. हायडेलबर्ग येथील पेटर झेबुर्ग यांच्या गटाने १९९१ साली दाखवले, की हा बदल आरएनएच्या पातळीवर होतो. एडार-२ हे विकर (एन्झाइम) तेथील अॅडिनोसिन या आरएनएच्या अक्षराचे इनोसिन करते आणि प्रथिन बांधणारा रायबोसोम ते ग्वानोसिन म्हणून वाचतो, त्यामुळे कोडॉन आर्जिनिनचा ठरतो. आर्जिनिनच्या धनभारामुळे त्या वाहिनीतून कॅल्शियम फारसे आत येऊ शकत नाही. हे विकर नसलेले उंदीर झटके येऊन लहानपणीच मरतात. पण ग्लुए-२च्या जनुकातच आर्जिनिनचा कोडॉन घातला, की ते जगतात. एडार-२ इतर अनेक आरएनए बदलत असूनही उंदराचे जगणे या एका जागेवर अवलंबून असावे, हा २००० सालचा निष्कर्ष मला आजही थक्क करतो.

यातून शिकण्याजोगी महत्त्वाची बाब इंट्रॉनची, म्हणजे आरएनएतून नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या भागाची आहे. शेजारच्या इंट्रॉनमधील पूरक क्रम एक्झॉनशी (टिकून राहणाऱ्या भागाशी) जुळून दुपदरी रचना तयार होते, तेव्हाच एडार-२ आपली जागा ओळखते. म्हणजे हा बदल इंट्रॉन कापला जाण्यापूर्वीच व्हावा लागतो. म्हणून केवळ सीडीएनए (इंट्रॉन कापलेल्या आरएनएवरून बनवलेला डीएनए) वाचून थांबू नये, जीनोममधील क्रमही शेजारी उघडा ठेवावा.

प्रत्यक्ष हाताने करायचा पहिला प्रयोग सोपा आहे. पीसीआरने (डीएनएच्या असंख्य प्रती करणाऱ्या तंत्राने) वाढवलेला सीडीएनए बीबीव्ही-वन या विकराने कापावा. ते जीसीएजीसी हा क्रम ओळखते, त्यामुळे बदल झालेला रेणू त्या जागी कापला जात नाही. जनुकीय डीएनएचा नमुना तुलनेसाठी सोबत हवाच. त्यानंतर पॅच-क्लॅम्प (पेशीतील विद्युतप्रवाह मोजण्याचे तंत्र) करणाऱ्या सहकाऱ्याशेजारी बसून, ग्लुए-२ नसलेल्या रिसेप्टरांत पेशीतील स्पर्मिन हा धनभारित रेणू बाहेर जाणारा प्रवाह कसा अडवतो, ते आलेखावर पाहावे.