फुटपाथची कड आणि सेगवे: नव्याने शिकणाऱ्यांसाठी माझा अनुभव

सेगवे म्हणजे उभं राहून चालवायचं, स्वतः तोल सावरणारं दोन चाकांचं यंत्र. सपाट जागेवर ते चालवायला शिकायला फार वेळ लागत नाही. पहिली दोन मिनिटं पोटऱ्या थरथरतात, घोटे आखडतात, मग शरीराला खूण पटते आणि पंधरा-वीस मिनिटांत माणूस मजेत गोल फिरू लागतो. माझंही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी मात्र फुटपाथची कड समोर आली. तीन बोटं उंच असेल. चाकं कडेला टेकली आणि यंत्र थांबलं. मला वाटलं जोर कमी पडतोय, म्हणून मी आणखी पुढे झुकले. क्षणभर काहीच झालं नाही. मग चाकं एकदम वर चढली, यंत्र पायांखालून पुढे निसटलं आणि मी मागे, तळहातांवर आपटले. मनगट तीन आठवडे दुखत होतं.

पुढे मी नव्या लोकांना हे यंत्र शिकवण्याचं काम घेतलं. शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण कडेपाशी हीच चूक करतो. भित्रा असो की धीट, फरक पडत नाही. म्हणून कडेबद्दलच सविस्तर लिहिते आहे. वळणं, थांबणं, गर्दीतून जाणं हे सरावाने आपोआप येतं. कड तशी येत नाही, कारण तिथे शरीराला जे सुचतं तेच चुकीचं असतं.

सेगवेवर ज्या फळीवर आपण उभे राहतो तिच्याखाली पाच जायरोस्कोप (फिरणं ओळखणारे सेन्सर) आणि कल मोजणारे दोन सेन्सर असतात. सेकंदाला सुमारे 100 वेळा ते बघतात की फळी किती कलली आहे. तुम्ही पुढे झुकलात की चाकं पुढे धावतात आणि तुमच्या वजनाखाली येऊ पाहतात. यंत्राला एवढंच कळतं. समोर कड आहे हे त्याला दिसत नाही. चाकं अडकली आणि तुम्ही झुकलेलेच राहिलात, तर त्याच्या लेखी तुम्ही अजून मागता आहात. म्हणून मोटर जोर वाढवत जाते. चाक कडेवर आलं की अडथळा संपतो, पण जोर तेवढाच असतो. तुम्ही मागून ठेवलेलं सगळं एका क्षणात हाती पडतं. मी पडले ती यामुळेच.

आता थोडं गणित. मला ते समजल्यावरच भीती गेली. आय-टू या मॉडेलची चाकं 19 इंची, म्हणजे त्रिज्या साधारण 24 सेंटिमीटर. थांबलेल्या अवस्थेतून कड चढायची तर शरीर आणि यंत्र यांचा मिळून भार कडेच्या कोपऱ्याच्या वर यावा लागतो. कड 2 सेंटिमीटरची असेल तर भार आसाच्या साडेनऊ सेंटिमीटर पुढे हवा, 5 सेंटिमीटरची असेल तर जवळपास 15, आणि 10 सेंटिमीटरची असेल तर साडेएकोणीस. म्हणजे लहानशी कडसुद्धा बराच झुकाव मागते. हे खरंच शांतपणे बघण्यासारखं आहे, कारण दोन सेंटिमीटरला आपण अडथळाच समजत नाही.

दुसरी अडचण पकडीची. कड जितकी उंच, तितका चाकाचा कोपऱ्यावरचा टेकू तिरका होत जातो आणि रबर घसरू लागतं. कोरड्या फरशीवर रबराची चांगली पकड, म्हणजे घर्षणांक 0.8 धरला तरी थांबलेल्या चाकाला जेमतेम 5 सेंटिमीटरची कड जमते. त्यापुढे चाक जागच्या जागी घासतं. वेग घेऊन गेलं तर थोडी जास्त उंची जमते, पण तो वेग तुमच्या गुडघ्यांतून आणि मनगटांतून वसूल होतो. माझ्या वर्गात मी 5 सेंटिमीटरच्या वर कुणालाही चढू देत नाही. साडेसहा इंची चाकांच्या हॉवरबोर्डचा, म्हणजे तोल सावरणाऱ्या दोन चाकी फळीचा, तर प्रश्नच येत नाही. त्याची त्रिज्या 8 सेंटिमीटरच्या जराशी वर. नेहमीची कड बहुधा त्याच्या आसाच्याही वर असते, आणि धरायला हँडल नाही. ते उचलून न्यायचं.

चढण्याची जी पद्धत मी शिकवते ती अशी. कडेला अगदी काटकोनात या, चालण्याच्या वेगापेक्षाही हळू. दोन्ही टायर एकाच वेळी टेकले पाहिजेत. एक चाक आधी टेकलं तर ते थांबतं, दुसरं पुढे जातं आणि यंत्र जागच्या जागी वळतं. ते वळणं इतकं झटक्यात होतं की पाय मागे राहतात. टेकल्यावर थांबा. मुद्दाम एक श्वास घ्या. मग गुडघे सैल ठेवून कंबर पुढे न्या, हळूहळू, जणू दाराशी टेकून दार उघडतंय का बघता आहात. टायर कडेवर सरकू लागल्याचं तळव्यांना कळतं. नेमक्या त्याच क्षणी कंबर मागे घ्यायची. टायर पूर्ण वर येईपर्यंत थांबलात तर उशीर झाला. सगळं कसब या अर्ध्या सेकंदात आहे आणि ते फक्त सरावाने येतं. मी आधी 1 सेंटिमीटर जाडीची फळी जमिनीवर ठेवून सराव घेते, मग दोन फळ्या एकावर एक. एका दुपारी तीस-चाळीस वेळा चढवल्यावर बहुतेकांचं शरीर ते शिकतं.

चालत्या वेगात चढायचं असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. चाकं कडेला आदळली की शरीर आपोआप पुढे जातं, म्हणजे झुकाव फुकट मिळतो. त्यात तुम्ही आधीच झुकून आला असाल तर मागणी दुप्पट होते. म्हणून आदळण्याच्या आधी सरळ उभं राहायचं, गुडघे वाकवून.

हातांचं काय? हात हलके. आय-टू आणि त्यानंतरच्या मॉडेलमध्ये हँडलची दांडी डावी-उजवीकडे कलवून वळतात, आणि दांडी फळीला जोडलेली असल्याने ती पुढे ढकलली तर वेग वाढतो. धक्का बसला की माणूस हँडल घट्ट आवळतो, त्यावर भार टाकतो, आणि नकळत यंत्राला पुढे पळ म्हणतो. शिकवताना मी सर्वांत जास्त वेळा उच्चारत असलेला शब्द ‘हात’ हाच असेल.

दांडी थरथरली आणि खालून गुरगुरल्यासारखा आवाज आला, तर ते यंत्राचं सांगणं आहे की त्याच्याकडे जोर शिल्लक नाही. त्या क्षणी मागे व्हा, कड नंतर बघू. बॅटरी उतरलेली असताना हे फारच महत्त्वाचं. 2003 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत तोवर विकलेली सुमारे 6,000 सेगवे याच कारणासाठी परत मागवली होती: बॅटरी संपत आली असताना एकदम वेग मागितला किंवा अडथळा लागला, तर पुरेसा जोर मिळत नसे आणि चालक पडत असे. नंतर सॉफ्टवेअर सुधारलं. तरी मी बॅटरी निम्म्याच्या खाली गेली की कडेचा सराव बंद करते.

कड उतरणं सोपं वाटतं, आणि म्हणूनच तिथे लोक बेसावध असतात. चाकं हवेत असतात तेवढा वेळ यंत्राला तोल सावरता येत नाही, कारण जमिनीला ढकलल्याशिवाय तोल सावरणं शक्यच नसतं. त्या क्षणी तुम्ही झुकलेले असाल तर चाकं हवेत मोकळी फिरतात आणि खाली टेकताच जमीन पकडून यंत्राला हिसका देतात. म्हणून काटकोनात, अगदी हळू, वजन किंचित मागे, गुडघे वाकलेले. ओली फरशी, वाळू किंवा पालापाचोळा असेल तर यंत्रावरून उतरून ते चालत न्या.

एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. सेगवेचे जनक डीन केमन यांच्या चमूने सेगवेच्या आधी आयबॉट नावाची चाकाची खुर्ची घडवली होती. तिच्या चाकांच्या जोड्या एकमेकींवरून फिरत आणि ती कडच काय, जिनाही चढत असे. तोल सावरण्याचं तेच तंत्र डिसेंबर 2001 मध्ये जगासमोर आलेल्या सेगवेत आलं. पण तिथे चाकं दोनच उरली, आणि कड चढण्याचं काम चालकाच्या कंबरेवर आलं.

उंच कडेसाठी खरा उपाय यंत्रातच आहे. खाली उतरून हँडल धरलं की यंत्र स्वतःच्या जोरावर सोबत चालतं. आय-टूचं वजन जवळपास 48 किलो. ते उचलायला जाऊ नका, पाठ धरेल. आपण कडेच्या वरच्या बाजूला, यंत्र खालच्या बाजूला, आणि मोटरचा जोर घेत दोन्ही चाकं एकदम वर ओढायची. उतरवतानाही आपण वरच राहायचं.

वर आल्यावर परत यंत्रावर चढण्याची घाई करू नका. 2006 मध्ये सुमारे 23,500 सेगवे आणखी एका दोषासाठी परत मागवल्या होत्या: वेगमर्यादा गाठल्यावर वेग कमी करण्यासाठी यंत्र मागे रेललेलं असताना चालक उतरून लगेच परत चढला, तर चाकं अचानक उलटी फिरू शकत. तोही दोष सॉफ्टवेअरने दुरुस्त केला गेला, पण माझ्या वर्गातली सवय मी बदललेली नाही. यंत्र सरळ उभं करायचं, पडद्यावर हसरा चेहरा दिसेपर्यंत थांबायचं, एक पाय ठेवायचा, फळी स्थिर आहे हे तळव्याला जाणवू द्यायचं, आणि मगच दुसरा.