क्वीन अँथुरियम वाढवताना या चुका टाळा

अँथुरियम वॉरोक्वेनम, म्हणजेच क्वीन अँथुरियम, मूळचं कोलंबियाच्या दमट जंगलातलं. तिथे ते मोठ्या झाडांच्या खोडांवर वाढतं. लांबट, मखमली, काळपट हिरवं पान आणि त्यावर उठून दिसणाऱ्या फिकट शिरा. जुन्या झाडाचं एकेक पान एक मीटरहून लांब होतं. हे झाड दगावलं की खापर बहुतेकदा कोरड्या हवेवर फुटतं. पण आधी कुजतात ती मुळं. पानं पिवळी पडून लोंबायला लागतात तोवर बराच उशीर झालेला असतो.

मातीत लावणं, तेही मोठ्या कुंडीत

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जाड, पांढुरक्या मुळांवर पाणी चटकन शोषून घेणारं आवरण असतं. त्यांना भिजणं चालतं, पण लगेच हवाही लागते. बागेची माती किंवा नुसतं कोकोपीट आठवडाभर ओलं राहतं आणि मुळं गुदमरतात. मिश्रण असं करा: पाइनच्या सालीचे १ ते २ सेंमी तुकडे ४ भाग, जाडं पर्लाइट किंवा प्युमिस (ज्वालामुखी खडकापासूनचे हलके, सच्छिद्र खडे) ३ भाग, धुतलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे २ भाग, लाकडी कोळसा १ भाग. पाणी ओतल्यावर काही सेकंदांत खालून बाहेर पडायला हवं. तुंबलं तर मिश्रण बारीक झालंय. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा फार तर २-३ सेंमी रुंद असावी. पारदर्शक असेल तर मुळं बाहेरूनच दिसतात.

पाणी वार बघून घालू नका. वरचा २-३ सेंमी थर सुकला की भरपूर घाला, बशीत साचलेलं ओतून द्या. पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं असेल तर पानांची टोकं करपतात. पावसाचं किंवा आरओचं पाणी चांगलं.

पानांवर फवारे मारून आर्द्रता वाढवणं

फवाऱ्याने आर्द्रता काही मिनिटांपुरतीच वाढते. मखमली पानावर पाणी साचून मात्र जिवाणूंना आयती वाट मिळते. पानाच्या कडेपासून पाणी मुरल्यासारखे डाग, भोवती पिवळी किनार, असं दिसलं की ते पान ७० टक्के अल्कोहोलने पुसलेल्या कात्रीने लगेच कापा आणि झाड वेगळं ठेवा. हवेत ७० ते ८५ टक्के आर्द्रता हवी. त्यासाठी ह्युमिडिफायर किंवा काचेची पेटी लागते, सोबत छोटा पंखाही हवाच. साचलेली दमट हवा कोरड्या हवेइतकीच वाईट. तापमान १८ ते २७ अंश सेल्सिअस ठेवा.

नव्या पानाला हात लावणं

कोवळं पान तांबूस, लुसलुशीत असतं आणि कडक व्हायला काही आठवडे घेतं. त्या काळात कुंडी फिरवली, पान पुसलं किंवा ते भिंतीला घासलं, तरी ओरखडा कायमचा राहतो. पान उलगडतानाच फाटत असेल तर बहुधा हवा कोरडी आहे. वेडंवाकडं, चुरगळलेलं येत असेल तर दोन शक्यता तपासा: कॅल्शियमची कमतरता किंवा थ्रिप्स (पानातला रस शोषणारे बारीक किडे). रुपेरी चट्टे आणि त्यावर काळे ठिपके दिसले तर थ्रिप्सच. स्पिनोसॅड हे कीटकनाशक लेबलवरच्या प्रमाणात, आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा मारा. एका फवारणीने पानाच्या आतली अंडी मरत नाहीत. कमतरता असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं खत पाव मात्रेत, दोन आठवड्यांतून एकदा.

खोड उघडं पडू देणं

झाड वाढतं तसं खोड वर येतं आणि नवी मुळं हवेत सुकून जातात. त्याभोवती ओलसर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) सैलसर गुंडाळा. दाबून बांधलंत तर तिथेच कुजायला सुरुवात होते.

मुळं कुजलेली सापडली तर

झाड काढून मुळं धुवा. हातमोजे घाला, या कुळातल्या झाडांच्या चिकाने त्वचेची आग होते. तपकिरी, मऊ, बोटांत साल निघून येणारी मुळं कापून टाका. पांढरी, टणक ठेवा. बुडखा मऊ असेल तर निरोगी भाग लागेपर्यंत काप घ्या. मग घट्ट पिळलेल्या स्फॅग्नममध्ये रोवून झाकणाच्या पारदर्शक डब्यात, २४-२६ अंशांत, थेट ऊन लागणार नाही अशा उजेडात ठेवा. झाकण रोज थोडा वेळ उघडा. खत अजिबात नको. नवी मुळं साधारण ५ सेंमी झाली की वरच्या मिश्रणात हलवा आणि झाकण एकदम न काढता दोन आठवड्यांत हळूहळू उघडत न्या.